सदुसष्टावा प्रश्न

४ डिसेंबर २०२४, बुधवार

आज नोकरीचा पहिला दिवस. वय वर्षं त्रेपन्न आणि पहिला दिवस! नाना म्हणजे माझे सासरे, वय चौऱ्याऐंशी, जीभ मात्र अठराची. सकाळी दारातून ओरडले, "सूनबाई, डबा घेतलास ना? आणि शाळेत रडायचं नाही हो." मी मागे न बघता निघाले, कारण डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. हे गेल्यावर सहा वर्षांत घरी बसून बाहेरून मानसशास्त्रात एम.ए. केलं. अख्ख्या आळीला वाटत होतं, प्रमोदिनीला वेळ जात नाही म्हणून काहीतरी खूळ काढलंय. आता बघा म्हणावं.

कंपनी खालापूरच्या बाजूला. कर्जतहून खोपोली, तिथून शिळफाट्याला कंपनीची गाडी येते. आत काय बनतं ते मला नीट कळलेलं नाही, पिशव्यांवरचं इंग्रजी नाव एका दमात वाचता येत नाही. माझं काम चार महिन्यांचं: २१२ कंत्राटी कामगारांची मानसिक आरोग्य आणि व्यक्तिमत्त्व चाचणी. नोव्हेंबरात रोहिदास नावाचा कामगार सांडपाण्याच्या टाकीपाशी बेशुद्ध पडला, प्यायलेला होता म्हणे. त्यावर मुंबईच्या ऑफिसने ठरवलं की कामगारांची डोकी ठिकाणावर आहेत का ते एकदा तपासून घ्यावं. एचआरचे अनुपमसर तिशीचे, फार सौजन्याने बोलतात. "मॅडम, आम्हाला मशीनची नाही, माणसाची काळजी आहे," म्हणाले. मला हे फार आवडलं.

७ डिसेंबर, शनिवार

सराव म्हणून नानांची चाचणी घेतली. एकूण १८० विधानं, प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणायचं. 'जगण्यात अर्थ नाही असं मला वाटतं.' नाना म्हणाले, "आमटी कोणती आहे त्यावर." 'लोक माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल बोलतात.' "बोलतात ना. तूच बोलतेस, फोनवर."

मध्येमध्ये खोटं पकडणारी विधानं पेरलेली असतात, उदाहरणार्थ 'मी आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही.' त्याला हो म्हणणारा तिथेच सापडतो. याला खोटेपणाची पट्टी म्हणतात. मला हे प्रकरण इतकं हुशारीचं वाटतं की ज्याने शोधलं त्याला साष्टांग नमस्कार घालावा. पण नानांनी चाळिसाव्या विधानालाच चष्मा काढला. "हे वाचणार कोण?" मी म्हटलं, मीच. "आणि मग?" मग अहवाल कंपनीला. "असं होय. मग सगळं उत्तम आहे असं लिहून टाक." जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस, दुसरं काय म्हणणार! मी नोंद केली: बचावात्मक वृत्ती.

१७ डिसेंबर, मंगळवार

मोठीच अडचण. निम्म्या कामगारांना सलग वाचता येत नाही, आणि नियमाप्रमाणे एकेकाला वेगळं बसवून वाचून दाखवायचं तर जून उजाडेल. जगदीशने तोड काढली. जगदीश हा कंत्राटदाराचा मुकादम, आडवा बांधा, कानात सतत मोबाईलची वायर. वीस-वीस जणांना कँटीनमध्ये बसवायचं, त्याने एकेक विधान वाचायचं, ज्याचं 'हो' असेल त्याने हात वर करायचा, मी कागदावर खुणा करायच्या. मला आधी बरं वाटलं नाही. पुस्तकात 'एकांत' शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या आहेत. पण जगदीश सोपं करून वाचतो हे खरं. सदुसष्टावं विधान आहे, 'इतरांना न येणारे वास मला येतात.' त्याने वाचलं, "वास येतो का रं? येत आसंल त्यानं हात वर करा. बगू कोनाला येतो." आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. एकच हात वर आला.

दिवसाला चाळीस माणसं होतात. अनुपमसर खूश आहेत.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

गुण मांडून झाले. माणसं इतकी निरोगी असतात हे मला ठाऊक नव्हतं! डोकेदुखी नाही, भीती नाही, काळजी नाही, कुणाबद्दल तक्रार नाही. सांडपाण्याच्या विभागातले एकोणीस कागद तर एकावर एक ठेवले तर एकच दिसतील. खोटेपणाची पट्टी मात्र सगळ्यांची वर गेलेली, सगळेच हरिश्चंद्र. अनुपमसर म्हणाले, अडाणी लोक आहेत, चांगलं दिसावं म्हणून म्हणतात, सोडून द्या.

त्या विभागातला विसावा कागद हिरूचा. ठाकूर समाजाचा, खोपोलीवरच्या डोंगरातल्या वाडीत राहतो, वय एकतीस. डोकं वारंवार दुखतं: हो. डोळ्यांपुढे अंधारी येते: हो. बंद जागेची भीती वाटते: हो. कुणीतरी माझ्यापासून काही लपवत आहे: हो. सदुसष्ट: हो. संशयाचे गुण रेषेच्या कितीतरी वर. आणि गंमत अशी की २१२ जणांत खोटेपणाच्या पट्टीवर शून्य असलेला हा एकटा. पुस्तक म्हणतं, खोटेपणा शून्य असेल तर बाकीचे गुण निःशंक खरे धरावेत. म्हणजे बिचारा खरंच आजारी आहे.

चार महिन्यांत एक तरी माणूस माझ्या हातून बरा व्हावा असं मनात होतं. तो सापडला म्हणून आनंद झाला आणि त्या आनंदाची जराशी लाजही वाटली.

८ जानेवारी, बुधवार

हिरूची मुलाखत. काटक, केसांना भरपूर तेल, खुर्चीच्या कडेवर बसला. लिहून घेतलं तसंच इथे उतरवते.

"कसला वास येतो, हिरू?"

"सडक्या अंड्यावानी, बाई. गाळाच्या टाकीपाशी. मंग डोकं धरतं."

"बाकीच्यांना येत नाही?"

"येतो ना. समद्यांना येतो. सांगत नाय कोनी."

"मग तूच का सांगितलंस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न माझाच चुकला असावा. "तुमी इचारलं ना."

"आणि तुझ्यापासून कोण काय लपवतंय?"

"रोहिदास कुठं हाय त्ये. पिऊन पडला म्हंतात. त्यो माळकरी हाय बाई, थेंब घेत नाय. टाकीत वाकला आन् पडला. मी बगितला."

मी कागद चाळले. त्याच पाळीतल्या एकोणीस जणांनी 'नाही' म्हटलेलं आहे आणि ते मी स्वतः लिहून घेतलेलं आहे. एकोणीस माणसांना जे जाणवत नाही ते एकाला जाणवतं, त्याला गंधभ्रम म्हणतात. जोडीला कट रचल्याची कल्पना. पुस्तकातलं पान जसंच्या तसं समोर बसलं होतं. फक्त पुस्तकातला माणूस इतका शांतपणे बोलत नाही, हे खटकलं.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

नानांच्या हातावर तिळगूळ ठेवला तेव्हा त्यांनी माझं बोट धरलं. "अंगठीला काय झालं?" चांदीतला मोती आहे, मन शांत राहावं म्हणून आईने लग्नात घातलेला. (मानसशास्त्रज्ञ बाई आणि बोटात मोती! कुणाला सांगत नाही.) चांदी काळीकुट्ट पडली आहे. दंतमंजनाने घासली तेव्हा उजळली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. नाना म्हणाले, तुझ्या कंपनीची हवा लागली. माझ्या खोलीची खिडकी त्या सांडपाण्याच्या बाजूलाच आहे खरी, पण मला तर कसला वास येत नाही. पहिल्या आठवड्यात येत होता थोडा, कँटीनच्या मोरीचा असेल.

२१ जानेवारी, मंगळवार

हिरूचा अहवाल दिला. कामावरून काढू नये, हलकं काम द्यावं, दर आठवड्याला माझ्याकडे समुपदेशनाला पाठवावं, असं मी आग्रहाने लिहिलं. भीती वाटत होती की अनुपमसर त्याला घरी बसवतील. पण त्यांनी लगेच मान्य केलं. हिरूला आता गाळ दाबायच्या मशीनवर एकट्याला ठेवलंय, टाकीच्या मागच्या शेडमध्ये. एकटा का, असं विचारलं तर म्हणाले, "तो बाकीच्यांच्या डोक्यात भरवतो, मॅडम. तुमच्याच अहवालात संशयी म्हटलंय." तसं मी म्हटलंय खरं. पक्कं काम मिळणार होतं त्याला एप्रिलपासून, ते आता माझ्या 'योग्य आहे' या दाखल्यावर अडलंय. म्हणजे त्याची भाकरी आता माझ्या सहीत आहे. मी बघते, त्याला तो दाखला मिळालाच पाहिजे.

३० जानेवारी, गुरुवार

उपचार सुरू. भीतीपासून पळालं की भीती वाढते, तिच्यासमोर उभं राहिलं की ती विरते, हे आमच्या शास्त्रातलं सगळ्यात सुंदर तत्त्व. हिरूला सांगितलं, वास आला की शेडबाहेर पळायचं नाही. तिथेच थांबायचं, आणि कागदावर एक रेघ ओढायची. त्याने विचारलं, "किती येळ थांबू?" म्हटलं, वास जाईपर्यंत. पहिल्या आठवड्याचा कागद आणला, एकतीस रेघा. फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ. मला उगाच गलबलून आलं.

माझंही डोकं दुखतंय, डोळे चुरचुरतात. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रेघा एकोणीस. हिरूचे डोळे लाल होते, पण बोलला मोकळेपणाने. वाडीवर बायको म्हणते, बाईंच्या औषधाने फरक पडतोय. औषध नाही रे, मी म्हटलं, तूच बरा होतोयस. "तुमी सांगता तसं करतो ना मी," म्हणाला.

मनात आलं, एकदा ती शेड आपणच बघावी. अनुपमसरांना विचारलं. ते हसले, "तिकडे हेल्मेट, बूट, परवानगी, खूप भानगडी आहेत. तुम्ही डोक्याच्या आत बघा, बाहेरचं आम्ही बघतो." विनोद चांगला होता. तरी मी मेल लिहिली, त्या भागातली हवा कुणी तपासली आहे का, एवढंच. तासाभरात उत्तर आलं: विषय सुरक्षा विभागाकडे आहे, कृपया आपल्या कामाच्या कक्षेत राहावे. 'कृपया' होतं, पण मला गालात मारल्यासारखं झालं. चौथी नापास मुलीला बाई बोलतात तसं. खरं तर बरोबरच आहे, मला रसायनातलं काय कळतं? दहावीला त्यात छत्तीस मार्क होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रेघा सहा! घरी येताना खोपोलीहून नानांसाठी बटाटेवडे आणले, गाडीत दोनदा पिशवी उघडून पाहिली. आलेख काढला आहे: एकतीस, सव्वीस, एकोणीस, सहा. एखाद्या पुस्तकात छापावा असा उतरता. अनुपमसर म्हणाले, कंपनी पुढच्या वर्षीही मला बोलावणार आहे, दुसऱ्या प्लांटवरही.

रात्री आमटी लागली. मी तिथेच, चुलीपाशी उभी, नाना बाहेरच्या खोलीतून काठी आपटत आले. "करपलं सगळं, घरभर वास सुटलाय! नाक गहाण टाकलंस का?" सर्दी असेल. नाक वाहत नाही, पण असेल.

३ मार्च, सोमवार

शून्य.

हिरूने कोरा कागद समोर ठेवला. मी दोनदा उलटून पाहिला. एकही रेघ नाही. "वास गेला, बाई."

"एकदाही नाही?"

"नाय. घरी पन नाय. बायकोनं परवा सुकट भाजली, शेजारची पोरं धावली वासाला. मला कायच नाय." कागद माझ्याकडे सरकवला. "जेवनाला चव नाय लागत, एवडंच."

मी त्याचं अभिनंदन केलं, चहा मागवला. चहा पिताना त्याने कपाकडे पाहत विचारलं, "ह्ये बरं का वाईट, बाई?" मी हसून म्हटलं, अरे, बरं होण्याची सवय नसते माणसाला. चाचणी परत घेतली, या वेळी एकांतात, नियमाप्रमाणे. सदुसष्ट: नाही. लपवतंय का कुणी: नाही. डोकेदुखीला मात्र थोडा अडला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "नाय." गुण अगदी मध्यावर आले. खोटेपणाची पट्टी थोडी वर गेलीय, पण ती तर सगळ्यांचीच असते.

सुकटीचं मात्र पुस्तकात कुठे सापडलं नाही. भ्रम जातो तेव्हा खरे वासही जातात का? दोन संदर्भग्रंथ पाहिले.

७ मार्च, शुक्रवार

शिळफाट्याला गाडीतून उतरले तर इंदूबाई वाट बघत उभ्या होत्या. कंपनीत झाडू-पोछा करतात, माझी खोलीही त्याच पुसतात, तीन महिन्यांत "सरका जरा" यापलीकडे बोलल्या नव्हत्या. मला वडाच्या आडोशाला ओढून नेलं.

"हिरूचा वास गेला म्हंतात. खरं का?"

मी म्हटलं, हो, बरा झाला तो.

"बरा कुठला! वास येतो तवर मानूस पळतो, बाई. येनं थांबलं म्हंजी ग्यास वाढला, न्हायतर नाक मेलं. रोहिदासचं बी आदी नाक गेलं हुतं, मंग त्यो पडला. आता घरी पडून हाय, आईला वळखत नाय. तुमी हिरूला परत त्या टाकीकडं नका लावू. लिवा कायतरी."

"मग तुम्ही चाचणीत का नाही सांगितलंत?"

"जगदीश वाचत हुता नव्हं," म्हणाल्या, आणि गाडी आली तशी गर्दीत मिसळल्या.

घरी येईपर्यंत एकच विचार. काय लिहू? इंदूबाईंनी डिसेंबरात सदुसष्टला 'नाही' म्हटलं आहे, सही माझी आहे. आज त्यांचं ऐकायचं तर २१२ कागद फाडायला हवेत, माझा अहवाल फाडायला हवा, आणि मी तीन महिने काय केलं याचं उत्तर द्यायला हवं. शिवाय हिरूला 'योग्य' म्हटलं नाही तर त्याचं पक्कं काम गेलंच. एखादी समजूत गटात पसरते, लोक एकमेकांचं पाहून तीच धरतात, याचीही उदाहरणं आहेत. वाडीवस्तीवर तर फारच. नानांना सांगितलं. नेहमीसारखं काही तरी तिरकस बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "त्या बाईंचं ऐक." एवढंच. मला राग आला. शिकले मी, आणि ऐकायचं झाडूवाल्या बाईंचं.

१० मार्च, सोमवार

दिला दाखला. रविवारभर लिहिला आणि खोडला. शेवटी ठरवलं की पुराव्यावर जायचं. पुरावा म्हणजे आलेख आणि दुसऱ्या चाचणीचे गुण, दोन्ही स्वच्छ आहेत. 'सर्व कामांसाठी मानसिकदृष्ट्या योग्य.' 'सर्व' शब्दापाशी पेन थांबलं होतं. अनुपमसर म्हणाले, छापील नमुना आहे, त्यात बदल चालत नाही.

हिरू पाया पडायला आला. मी मागे सरकले, असलं मला आवडत नाही. तो गेल्यावर दार लावून रडले. आनंदानेच असणार.

१२ मार्च, बुधवार

खरंच फार दमले आहे, पण आजचं लिहून ठेवायलाच हवं. उद्या होळी. कंपनी दोन दिवस बंद, म्हणून गाळाची मोठी टाकी उद्याच सकाळी आतून साफ करायची आहे. वर्षातून एकदाच करतात. जगदीश मुद्दाम खोलीत सांगायला आला, कधी नव्हे ते कानातली वायर काढून.

"पैला हिरूला उतरवतोय, मॅडम. बाकीचे खाली गेले का नाक दाबतात, कुरकुर करतात, धा मिन्टात वर येतात. ह्याला वासच नाय, निवांत काम करंल. तुमच्यामुळं झालं बगा."

मी हिरूला बोलावून घेतलं. खुशीत होता. दुपारपर्यंत टाकी उरकून वाडीवर जाणार आहे, होळीचं लाकूड कधीच आणून ठेवलंय, बायकोला लुगडं घेतलंय. मी म्हटलं, मग आता तू पक्का माणूस झालास. तो हसला. उठला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"बाई, खाली जरा भ्या वाटलं तं काय करू?"

मला वाटलं होतं हा असं काही तरी विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. म्हटलं, "घाबरून वर यायचं नाही. आहेस तिथेच बसायचं, डोळे मिटायचे, आणि सावकाश दहा वेळा खोल श्वास घ्यायचा. अगदी छाती भरून."

त्याने तिथल्या तिथे एकदा घेऊन दाखवला आणि विचारलं, "असा?"

"अस्सा," मी म्हटलं.

तो बरं म्हणाला आणि गाडी सुटेल म्हणून पळत गेला.